पोपायचं रीळ कस्टम्समधून सोडवताना

फ्लायशर स्टुडिओचा १९३६ चा 'पोपाय द सेलर मीट्स सिंदबाद द सेलर' हा कार्टूनपट मी अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडून १६ मिमी प्रिंटमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरवर चालवायच्या १६ मिमी रुंद फिल्मवर, घेतला. शोधाशोध, भाव, पैसे पाठवणं, सगळं विनासायास झालं. अडलं ते इथं, कस्टम्सच्या एका कार्यालयात.

"फिल्म आहे ना? मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट आणा." थिएटरात लावायची नाही, घरी बघायची आहे, म्हटलं. "तसं लिहून द्या." दिलं. मग नवीनच शंका: फिल्म पेट घेते, असा माल पार्सलने आलाच कसा? अहो, पेट घेते ती जुनी ३५ मिमीची नायट्रेट फिल्म! कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिमी काढली तीच सेफ्टी फिल्मवर, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटवर, लोकांना घरी निर्धास्त दाखवता यावी म्हणून. पण तोंडी कोण ऐकतंय? पुन्हा अर्ज, पुन्हा 'उद्या या'. आणि ऐन पावसाळ्यात डबा गोदामात पडलेला. दमट हवेत ॲसिटेट फिल्म सडायला लागते, व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ती आकसते आणि प्रोजेक्टरवर नीट चालत नाही. या विचाराने मला झोप लागत नव्हती. शेवटी एका वरिष्ठ मॅडमनी डबा उघडायला लावला, फिल्मच्या काठावर छापलेलं 'सेफ्टी फिल्म' उजेडात धरून वाचलं आणि सही केली. एवढंच तर बघायचं होतं!

म्हणून विकणाऱ्याला त्या काठाचा फोटो पार्सलमध्येच घालायला सांगा. बिलावर 'जुनी १६ मिमी सेफ्टी फिल्म, खासगी संग्रहासाठी' असं लिहून घ्या. कस्टम्सच्या दरपत्रकातला अशा चित्रित फिल्मचा शीर्षक क्रमांक, ३७०६, टाकायला सांगा.

हा कार्टूनपट इंटरनेटवर फुकट दिसतो, तरी मला प्रिंटच हवी होती. फ्लायशरच्या लोकांनी फिरत्या चौथऱ्यावर खरेखुरे छोटे देखावे उभारून त्यांच्यापुढे चित्रं ठेवून शूटिंग केलं. सिंदबादच्या बेटावरच्या गुहा मागून सरकतात तेव्हाची खोली पडद्यावर बघावी. वर पोपायचं ते तोंडातल्या तोंडात पुटपुटणं!

हो, रंगाचं राहिलंच. टेक्निकलरची डाय ट्रान्सफर प्रिंट (फिल्मवर एकेक रंग ठशासारखा छापलेली) असेल तर रंग टिकतात. कोडॅकच्या ईस्टमन रंगीत फिल्मवरची जुनी प्रिंट लालसर होते. दोन-चार फ्रेमचे फोटो मागवा. सुरुवातीला मूळ वितरक पॅरामाउंटऐवजी 'ए.ए.पी.' (असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स) दिसलं, तर ती टीव्हीसाठी काढलेली प्रत. लांबीही विचारा: १६ मिनिटांना साधारण ५७६ फूट लागतात. फारच कमी भरली, तर मधले तुकडे गेलेत.