घर स्वतःचं आहे, मग दुरुस्ती का होत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुधा दोन तुकड्यांत येतो. आधी, "घर मालकीचं आहे ना, मग असं पडीक का ठेवलंय?" आणि जरा थांबून, "तुम्ही एवढे जण आहात, मिळून करून का देत नाही?" सुट्टीच्या दिवशी अशा घरांची डागडुजी करणाऱ्या एका गटात मी बरीच वर्षं आहे, त्यामुळे दुसरा तुकडा जास्त टोचतो.

पहिल्याचं उत्तर लवकर संपतं. घराची किंमत घर विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि विकलं तर राहायचं कुठं? कर्ज मागायला गेलं की घराच्या कागदांबरोबर दरमहा किती येतात तेही बघतात. विम्याचं म्हणाल, तर वादळात छत उडालं तर भरपाईची आशा असते. वर्षानुवर्षं झिरपून खराब झालेल्या छताला ती सहसा मिळत नाही. आणि मी पाहिलेली बहुतेक घरं झिरपूनच गेली.

झिरपणं फार कावेबाज. काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणून आतली सळई सहजी गंजत नाही. भेगेतून हवा-पाणी आत पोचत राहिलं की हे संरक्षण जातं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, मग तो आतून काँक्रीट फोडतो. भेग मोठी झाली की आणखी पाणी. पहिल्या वर्षी नुसती भेग बुजवून भागलं असतं. पैसे नव्हते म्हणून थांबलेल्या माणसाला पाच-सात वर्षांनी स्लॅबला टेकू लावायची वेळ येते. ज्याच्याकडे कमी, त्यालाच काम महाग पडतं.

एका बाईंकडे गेलो होतो. एकट्याच राहतात. खोलीच्या कोपऱ्यात बादली, आणि बादलीच्या तळाशी जुन्या कापडाची घडी. कशाला, म्हटलं. "रात्री टपटप ऐकू येते हो, झोप लागत नाही." सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, चारेक लिटर पाणी सहज. त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. पोपडे खरवडले, भेगांत लांबी (पुट्टी) भरली, रंगाचे दोन हात दिले. संध्याकाळी खोली उजळली, फोटो निघाले. पुढच्या पावसात रंग फुगून पुन्हा खाली. पाणी येत होतं छतातून आणि आम्ही भिंत रंगवली होती, कारण आम्हाला भिंत रंगवता येत होती.

मदतीची खरी गोम इथंच आहे. एका दिवसात संपणारं, हौशी हातांना जमणारं काम पटकन मिळतं. छताला परांची लागते, जाणता मिस्त्री लागतो, सामान लागतं. विजेच्या जुन्या वायरिंगला हौशी माणसानं हात लावू नये, आणि आमच्यातला कोणी वरून पडला तर दवाखान्याचा खर्च कोणी करायचा, हे आम्ही बरीच वर्षं ठरवलंच नव्हतं. वर्गणी पहिल्या घराला जमते. तिसऱ्या घरापर्यंत लोक फोन उचलेनासे होतात. त्यांनाही त्यांची घरं आहेत.

१९७६ पासून गरजूंसाठी घरं बांधणारी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था घर घेणाऱ्या कुटुंबालाही बांधकामात श्रमाचे तास द्यायला लावते. मला ते पटतं. पण आमच्याकडे नावं येतात ती बरीचशी शिडीच्या दुसऱ्या पायरीवरही चढू न शकणाऱ्यांची. त्यातले काही तर आम्हाला दारातूनच परत पाठवतात. इतक्या जणांचे उपकार एकदम घ्यायचे म्हणजे पुढं जन्मभर मान खाली घालून चालायचं, असं त्यांना वाटतं. मला पूर्वी हा हट्ट वाटायचा. आता नाही वाटत.

हल्ली ब्रशाला हात लावण्याआधी आम्ही छतावर जाऊन येतो. बऱ्याचदा खाली उतरून सांगावं लागतं की हे आमच्या आवाक्यातलं नाही. हे वाक्य कोणी बोलायचं, यावरून जिन्यातच कुजबुज होते.

त्या बाईंकडे मीच सांगितलं. "रंग मात्र छान होता हो," एवढंच म्हणाल्या. बादल्या आता दोन झाल्यात. दोन्हींत कापडाची घडी आहे.