चौथी सीट

डोंबिवलीहून निघणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात तिघींसाठी केलेल्या बाकावर चौघी बसतात. चौथीला जेमतेम टेकण्यापुरती जागा मिळते, तिचा एक गुडघा सतत वाटेत असतो आणि येणारी-जाणारी प्रत्येक जण त्याला धडकते, तरीही "जरा सरकता का?" असे विचारल्यावर नाही म्हणणारी बाई मी क्वचितच पाहिली आहे. रेल्वेच्या हिशेबात ही चौथी सीट नाही. बसलेलीला "कुठे उतरणार?" असे विचारायचे आणि "घाटकोपर" असे उत्तर आले की घाटकोपरला ती जागा विचारणारीची, हेही कुठे लिहिलेले नाही, पण पाळले जाते. (फर्स्ट क्लासात चौथी सीट मागणे मात्र न बोलावता कोणाच्या पंगतीला बसण्यासारखे मानतात.)

या व्यवस्थेचा मला अभिमान होता. गेल्या पावसाळ्यात ठाण्याला एक बाई चढली, हातात भिजलेली नायलॉनची पिशवी, बहुधा घरकामाला निघालेली. तिने समोरच्या बाकावरच्या चौघींना ओळीने विचारले आणि चौघींनीही "सीट दिलेली आहे" असे सांगितले. मुलुंडला गळ्यात ऑफिसचे ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी चढली, तिने त्यांतल्याच एकीला तोच प्रश्न विचारला, आणि घाटकोपरला ती मुलगी निवांत बसली. पिशवीवाली काही बोलली नाही. तिने पिशवीचा तुटू आलेला बंद पुन्हा गाठ मारून घट्ट केला. मी खिडकीशी बसून हे सगळे पाहत होते आणि दादरला उतरताना माझी जागा तिला दिली, पण तिला पुढच्याच भायखळ्याला उतरायचे होते.

नंबर लावला की कपडे पाहायचे नाहीत, एवढ्यावरच ही रीत उभी आहे. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली, नंतर मध्य रेल्वेवरही आल्या, आणि तिथे हाच प्रश्न वेळापत्रकात शिरला. एसीला माझा विरोध नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मृत्यू पावले, तेव्हापासून तर बंद होणाऱ्या दाराला चैन म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण सकाळच्या गर्दीत रुळांवर जादा गाडीला जागाच नसते, त्यामुळे एसी लोकल बहुधा एखाद्या साध्या लोकलच्या वेळेवर येते. साध्या गाडीचे किमान तिकीट ५ रुपये आणि एसीचे ३५, हे दर २०२२ मध्ये एसीचे भाडे निम्म्यावर आणल्यानंतरचे आहेत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरला प्रवाशांनी आंदोलन केले आणि मध्य रेल्वेने नव्याने एसी केलेल्या दहा फेऱ्या पुन्हा साध्या केल्या. त्या लोकांना गारव्याचा राग नव्हता. रोजची आपली गाडी दुसऱ्या कोणाला दिली गेली, याचा होता.

अशा एसीच्या मागून येणाऱ्या साध्या गाडीत दोन गाड्यांची माणसे असतात. त्या दिवशी "कुठे उतरणार?" हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण बसलेलीपर्यंत आवाज पोचेल इतके आत कोणाला शिरताच येत नाही.