दोन्ही क्लस्टरांचं नाव 'डिफॉल्ट'

मी टर्मिनलवाला माणूस. पण सातपूरच्या ऑफिसात शिफ्टला बसणाऱ्या पोरांना कमांड मारायला लावलं की दर अर्ध्या तासाला "दादा, जरा बघता का?" ठरलेलं. द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावच्या पॅकहाउसमधलं वजन-लेबलचं सगळं काम क्लस्टरवर (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांवर) चालतं, तेव्हा तर रात्रीही फोन. म्हणून त्यांच्या मशीनवर हेडलॅम्प टाकलं, म्हणजे कमांडऐवजी माउसनं क्लस्टर बघायचं अॅप. फुकट आहे, ओपन सोर्स आहे.

टाकणं सोपं. खरं काम कुबरनेटिसच्या (क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर) कॉन्फिग फाइलीत; क्लस्टरचा पत्ता आणि आत शिरायची ओळख तिच्यात असते. आमचे दोन्ही क्लस्टर के-थ्री-एसचे, म्हणजे हलक्या कुबरनेटिसचे. त्याची फाइल सर्व्हरवरून उचलून आणली की आत पत्ता असतो १२७.०.०.१:६४४३, म्हणजे ज्या मशीनवर उघडाल तेच मशीन. तिथे सर्व्हरचा खरा आयपी घालायचा. दुसरी गंमत अशी की के-थ्री-एस क्लस्टर, युजर आणि कॉन्टेक्स्ट (म्हणजे त्या दोघांची जोडी) या तिघांचंही नाव 'डिफॉल्ट' ठेवतं. अशा दोन फाइली क्यूबसीटीएल या कुबरनेटिसच्या कमांडनं एकत्र केल्या की पहिलीतलं राहतं, दुसरीतलं मुकाट गळतं, एररही येत नाही. एकत्र करण्याआधीच दोन्ही फाइलींत तिन्ही नावं बदलायची. मी 'सातपूर-टेस्ट' आणि 'पिंपळगाव-लाइव्ह' ठेवली. लाइव्ह कुठलं ते झोपेतही कळलं पाहिजे.

तीच फाइल पोरांना द्यायची नाही, हे महत्त्वाचं. ती पूर्ण अॅडमिनची असते आणि हेडलॅम्पमध्ये डिलीटचं बटण समोरच असतं. वेगळं सर्व्हिस अकाउंट (क्लस्टरमधलंच खातं) काढून त्याला कुबरनेटिसमधला तयार 'व्ह्यू' रोल, म्हणजे फक्त बघायचे हक्क, दिला: पॉड (चालू प्रोग्राम) दिसतात, लॉग दिसतात, सीक्रेट (पासवर्ड वगैरे) दिसत नाहीत. नोडही (क्लस्टरमधली मशीनं) दिसत नाहीत मात्र, कारण 'व्ह्यू' नेमस्पेसमधल्या, म्हणजे क्लस्टरच्या कप्प्यांतल्या, गोष्टींपुरता आहे आणि नोड कुठल्याच नेमस्पेसमध्ये बसत नाहीत. नोडसाठी छोटा क्लस्टररोल (अख्ख्या क्लस्टरला लागू होणारे हक्क) वेगळा जोडला. त्या खात्याचं टोकन (आत शिरायची किल्ली) काढताना मुदत सांगा, नाहीतर ते साधारण तासाभरात संपतं. सीपीयू-मेमरीचे आकडे आपसूक आले, के-थ्री-एससोबत हे आकडे गोळा करणारा मेट्रिक्स-सर्व्हर येतोच.

परवा एक जण म्हणाला, "दादा, माझ्याकडे डिलीटचं बटणच नाही." म्हटलं, बरोबर आहे.

आता त्यांना रीस्टार्ट हवंय. त्यासाठी डिप्लॉयमेंटवर (प्रोग्राम कसा चालवायचा त्याची नोंद) पॅचचा, म्हणजे बदल करायचा, हक्क द्यावा लागतो, आणि पॅच दिला की इमेजही, म्हणजे चालणारा प्रोग्रामच, बदलता येते. हंगाम संपेपर्यंत तरी देणार नाही.