वेबसाइटचा सातबारा

पुण्याच्या एका बाईंचा फोन आला तेव्हा मी कांडपावर होते. नाकाला फडकं बांधलेलं, हात कोपरापर्यंत पिवळे. "ताई, तुमच्या वेबसाइटवर हळद दिसतच नाही, पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात येतेय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पत्ता टाकताना एखादं अक्षर चुकलं असेल. त्यांनी आमची पिशवी समोर धरून एकेक अक्षर वाचून दाखवलं. एकही चुकलेलं नव्हतं.

माळ्यावर तोच पत्ता छापलेल्या 3 हजार पिशव्या पडून होत्या.

आमचं दुकान वसमतला. घरची हळद सेलम जातीची. सासरे, त्यांना मी मामा म्हणते, आयुष्यभर हळकुंडं मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, घालत आले. खणायची, कुकरमध्ये शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि पोती मोंढ्यावर नेऊन सौदा कितीला सुटतो ते बघत उभं राहायचं. पाच क्विंटल ओली हळद शिजवून वाळवली की जेमतेम एक क्विंटल हळकुंड हाती येतं. एवढी मेहनत करून भाव दुसऱ्यानेच ठरवायचा, हे मला लग्न झाल्यापासून खटकत होतं. 2019 मध्ये कांडप यंत्र घेतलं आणि अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायला सुरुवात केली.

2022 च्या दिवाळीत शहरातल्या एका एजन्सीचा माणूस दुकानावर आला. लॅपटॉप उघडून त्याने चकचकीत नमुने दाखवले आणि 18 हजारांत वेबसाइट, वर पहिलं वर्ष फुकट, असं सांगितलं. मामा ओसरीवरून ऐकत होते. म्हणाले, "दुकान तर हाये की आपलं, अजून एक कशाला?" मी त्यांचं ऐकलं नाही. वेबसाइट हवीच होती, त्यात माझं चुकलं नाही. चुकलं ते कागद न बघता पैसे दिले तिथे.

पंधरा दिवसांत वेबसाइट आली. वर हळदीचे आठ मोठे फोटो एकामागून एक सरकायचे. त्यातला एकही आमचा नव्हता. वसमतच्या बाहेर शेतावर उभं राहून मोबाइलवर उघडली तर पहिला फोटो येईपर्यंत माणूस बोअर चालू करून परत यायचा. मराठी मजकूर त्यांनी आमच्या जुन्या हँडबिलावरून उचलला. फ्लेक्सवाले ज्या जुन्या फाँटमध्ये टाइप करतात त्यातला तो होता, म्हणून पानावर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी झाली. मग त्यांनी तो मजकूर चित्र म्हणून डकवला. दिसायला ठीक. पण गूगल चित्रातली अक्षरं मजकुरासारखी धरत नाही, त्यामुळे "वसमत हळद" शोधणाऱ्याला आम्ही दिसणार कुठून? हे मला दोन वर्षांनी कळलं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप केलेलं मराठी सरळ वाचलं जातं. त्यासाठी मोबाइलचा साधा मराठी कीबोर्ड पुरतो.

खाली एक परिच्छेद होता: आमच्या हळदीने मधुमेह, सांधेदुखी, अगदी कॅन्सरही बरा होतो. मी वाचलाच नव्हता. एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात बसवून वाचून दाखवला आणि म्हणाले, अन्नपदार्थ विकताना रोग बरे करण्याचे दावे करता येत नाहीत, नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येईल, वेबसाइटवाल्याच्या नाही. तो परिच्छेद काढायला एजन्सीने 500 रुपये मागितले. दिले.

जुगाराच्या जाहिरातीचा फोन आला त्या रात्री दिराचा मुलगा घरी होता. नांदेडला कॉलेजात आहे. त्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारं पान उघडून जुनी नोंद काढली. मालकाच्या जागी एजन्सीचं नाव, ईमेलही एजन्सीचाच. मुदत संपत आल्याच्या सूचना दोन महिने त्यांच्याकडे जात राहिल्या. त्यांचा फोन बंद. नंतर समजलं, माणसाने धंदाच बदललाय. मुदत संपल्यावर मिळणारी सवलतीची मुदतही गेली, नाव मोकळं झालं आणि कुणीतरी ते उचललं.

मामांना हे कसं सांगायचं हा प्रश्नच होता. मी म्हटलं, मामा, शेत आपण कसलं, नांगर आपण हाकला, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचंच लागलेलं होतं. त्यांना लगेच कळलं. "मंग तलाठ्याकडं आधी का नाई गेलीस?" एवढंच म्हणाले. या विषयावर इतकं नेमकं मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

नवीन डोमेन मी स्वतः घेतलं. डॉट इन संपणारं, वर्षाला सातशे-आठशेच्या घरात. दुकानासाठी वेगळा ईमेल उघडला, मोबाइल नंबर माझा, नोंदणी माझ्या नावाने, तीन वर्षांचे पैसे एकदम भरले. पासवर्ड वहीत लिहून वही खऱ्या सातबाऱ्याच्या ट्रंकेत ठेवली. आता काम कुणीही करून दिलं तरी चावी त्याच्याकडे राहत नाही.

नाव निवडताना मात्र डोकं फिरलं. मराठीत वसमत सरळ आहे. इंग्रजीत कुणी व्हीने लिहितं, कुणी डब्ल्यूने, आणि रेल्वे स्टेशनवर ते बीने सुरू होतं. बीने टाइप केलं की गूगल विचारतं, बासमती म्हणायचंय का? हसू येतं, पण त्या हसण्यात गिऱ्हाइकं तांदळाकडे जातात. शेवटी डोमेनमध्ये गावाचं नाव घातलंच नाही, दुकानाचं घातलं. पानावरच्या पत्त्यात मात्र गावाची सगळी रूपं एका ओळीत लिहिली, रेल्वेचं बसमत, आपलं वसमत, जिल्हा हिंगोली. कुणी कसंही शोधो.

नवी वेबसाइट चार पानांची. पुतण्याने, म्हणजे दिराच्या मुलाने, दोन रविवारी केली. फोटो मी मोबाइलवर काढले: शिजवायच्या कुकरची वाफ, खळ्यावर पसरलेली हळकुंडं, मामांचे हात. प्रत्येक फोटो लहान करूनच चढवला. दर पानावर लिहिलेला, पाठवणीचा खर्च वेगळा लिहिलेला. आधीच्या वेबसाइटवर दर नव्हताच, "संपर्क करा" होतं. मी स्वतः कुठे दर दिसला नाही तर फोन करत नाही, मग दुसऱ्याने का करावा?

एवढं झालं तरी खरी वर्दळ वेबसाइटने आणली नाही. ती आणली गूगलच्या नकाशावरच्या नोंदीने, आणि ती नोंद मिळवताना मला घाम फुटला.

ही नोंद फुकट असते. हे आधी सांगते, कारण "गूगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार, 4 हजार भरा" असे फोन मला आजही येतात. मी नोंद करताना नावात हौसेने दुकानाच्या नावापुढे "शुद्ध वसमत हळद, बेस्ट, होलसेल" असं सगळं कोंबलं. पडताळणीसाठी त्यांनी व्हिडिओ मागितला. व्हिडिओ एका दमात काढायचा, मध्ये तोडायचा नाही, निदान अर्ध्या मिनिटाचा. त्यात रस्ता आणि आजूबाजूची दुकानं दिसली पाहिजेत, दुकानाची पाटी दिसली पाहिजे, आणि दुकान आपलंच आहे हे पटेल असं काहीतरी, म्हणजे कुलूप उघडणं, आतली यंत्रं, गल्ला.

पहिला व्हिडिओ काढताना शेजारचे किराणावाले मध्ये येऊन विचारायले, "काय शूटिंग करायलीस बाई?" दुसऱ्यात शटर अर्ध्यावर अडकलं. तिसरा पाठवला, तो नामंजूर. कारण स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, पण पाटीवर एक नाव आणि नोंदीत दुसरंच, हे आमच्या आम्हालाच दिसलं. नियम असा की पाटीवर जे नाव तेच नोंदीत, जास्तीची विशेषणं नाहीत. विशेषणं काढली, वर्गवारीत मसाल्याचं दुकान निवडलं. चुकीच्या गल्लीत पडलेली खूणही ओढून दुकानावर आणली. चौथा व्हिडिओ सकाळी सातला काढला, रस्ता मोकळा असताना. पाच कामाच्या दिवसांत उत्तर येतं म्हणाले होते, तिसऱ्या दिवशी आलं.

नोंद सुरू झाल्यावर महिन्याभरात नांदेडहून औंढा नागनाथाला निघालेली एक गाडी दारात थांबली. वाटेत हळद कुठे मिळेल म्हणून त्यांनी नकाशात बघितलं होतं. सहा किलो घेतली. मामा त्यांना चहा पाजूनच सोडले.

अभिप्रायांचं एक सांगायला हवं. पुतण्याने उत्साहात कॉलेजच्या पाच मित्रांकडून पाच-पाच तारे लावून घेतले. त्यातले एकानेही आमची हळद खाल्लेली नव्हती. मी ते काढायला लावले. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणंही गूगलला चालत नाही. आता मी पार्सलमध्ये हाताने लिहिलेली चिठ्ठी घालते, रंग-वास कसा वाटला ते लिहा म्हणून. दहातले एक-दोन लिहितात. एकीने लिहिलं, "रंग छान, पण पिशवी फाटली होती." ती तक्रार मी तशीच राहू दिली, खाली माफी मागितली, पिशवी जाड घेतली.

2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं तेव्हा मला वाटलं, झालं, आता वेबसाइटवर जीआयचं चिन्ह लावायचं. एका जाणत्या शेतकऱ्याने थांबवलं. मानांकन गावाला मिळालं म्हणून प्रत्येक दुकानदाराला ते चिन्ह वापरता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. तिची फी 2020 पासून 500 वरून 10 रुपयांवर आली आहे, कागदपत्रं मात्र लागतातच. माझा अर्ज भरून झाला आहे. तोवर चिन्ह नाही.

बंगळुरूची पहिली ऑर्डर आली तेव्हा पेढे वाटायच्या बेतात होते. सीएंनी विचारलं, जीएसटी नोंदणी आहे का? राज्यात माल विकायला उलाढाल 40 लाखांपर्यंत सूट असते, पण माल राज्याबाहेर गेला की उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. बंगळुरूच्या बाईंना तीन आठवडे थांबायला सांगितलं. त्या थांबल्या, हे त्यांचं मोठेपण.

पैसे घेण्याचा प्रश्न मी उलटा सोडवला. सुरुवातीला पार्सल हातात पडल्यावर पैसे द्या म्हणत होते. बारा पार्सलांपैकी चार परत आली, जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही खर्च माझ्या अंगावर. आता आधी पैसे, मग पार्सल. ऑर्डरी कमी झाल्या, रात्रीची झोप वाढली. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग टाकलाय, निम्मी गिऱ्हाइकं तिथेच बोलतात. "मागच्यासारखीच पाठवा" एवढाच निरोप येतो.

त्या 3 हजार पिशव्यांचं काय केलं, हे बायका आवर्जून विचारतात. जुन्या पत्त्यावर नवीन पत्त्याचं स्टिकर लावत बसले. हजारेक लावून झाल्यावर बोटं सुजली. उरलेल्या मामांनी ताब्यात घेतल्या आणि गल्ल्यावरच्या सुट्या विक्रीला वापरायला सुरुवात केली. मी म्हटलं, मामा, त्याच्यावर चुकीचा पत्ता आहे. त्यांनी पिशवीत हळद भरता भरता वरही बघितलं नाही. "गावच्या गिऱ्हाइकाला पत्ता कशाला लागतोय? तो समोर उभा हाये."