वासाचा नकाशा आणि तांबटकाका

'हात लावू नये' ही पाटी पुण्यात कुठेही शोभते, पण बालगंधर्वच्या कलादालनात तर ती न लावताही वाचता येते. हात मागे बांधून एका चित्राकडून दुसऱ्याकडे सरकायचं, वहीत दोन ओळी खरडायच्या आणि बाहेर येऊन चहा. त्यामुळे माझी एक आर्टिस्ट मैत्रीण कसब्यात लोकांना जमवून वासांचा नकाशा करतेय हे ऐकून मला आधी हसूच आलं. चित्र कोण काढणार, तर म्हणे सगळे!

गेले बघायला. सतरंजीवर ड्रॉइंग पेपर आणि भोवती डबे, गोडा मसाला, धूप, भांडी घासायची चिंच. तांबट आळीतले एक काका तांब्याचा गडू घेऊन आले होते, म्हणाले डोळे मिटा आणि हात फिरवा. मठारकामाचे, म्हणजे तांब्यावर हातोडीने ठोकून केलेले, बारीक बारीक खळगे बोटांना लागत जातात, ओळीने, आणि काका म्हणतात, "ठोका चुकला तर आधी कानाला कळतं." झालं, शेजारच्या काकू उखडल्या, अहो मग आळीचा वास कसला काढताय, आवाज काढा की! मैत्रिणीने निमूट खडू काकूंच्या हातात दिला. तिचा प्लॅन तिथेच बोंबलला आणि माझ्या मते खरं काम तिथेच सुरू झालं.

चित्रकार-शिल्पकार नवजोत अल्ताफ 1997 पासून बस्तरमध्ये कोंडागावच्या आदिवासी कलाकारांबरोबर काम करतायत, त्यांचं 'नळपार' असंच. हातपंपाभोवती असे ओटे आणि कोनाडे की भरलेला हंडा मधे टेकवून मग डोक्यावर घेता येईल. याला शिल्प म्हणायचं का, यावर वाद घालायला आपण पुणेकर आहोतच, हंडा उचलणाऱ्या बाईला वेळ नाही. जर्मनीत जोसेफ बॉईस या कलाकाराने 1982 साली कासेल शहरात 7000 ओक लावायला घेतले, प्रत्येक झाडाशेजारी एक उभा दगड. 1986 मध्ये तो गेला, शेवटचं झाड पुढच्या वर्षी मुलाने लावलं.

अर्थात लोकांना बरोबर घेऊन कला करायच्या या प्रकारात भोंदूगिरीही चिक्कार चालते, वस्तीत दोन तास बसायचं, फोटो काढायचे, रिपोर्टमध्ये 'लोकसहभाग' लिहायचा आणि गायब. म्हणून मी मैत्रिणीला विचारलंच, नाव कोणाचं लागणार? सगळ्यांचं, ती म्हणाली. काकांची हरकत नव्हती, फक्त नावाखाली मोबाईल नंबर पाहिजे, एखादी ऑर्डर आली तर.