तो सुटला कसा, तुम्ही विचारलंत म्हणून

‘तुमचा भाऊ निर्दोष होता म्हणून सुटला, की वकिलाला फट सापडली म्हणून?’ नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात, त्याच्यासाठी स्थळ घेऊन येणारेही विचारतात. तोंडी सांगायला लागले की तिसऱ्या वाक्याला समोरचा ‘हो, हो’ म्हणू लागतो आणि त्याचं आधीच ठरलंय हे मला कळतं. म्हणून आज लिहून टाकते.

भाऊ रावेरची केळी आयशर ट्रकने नेत होता, रात्रीच्या नाकाबंदीत त्याच्या गाडीत गांजाची गोणी सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि पेपरात त्याचं नाव छापून आलं, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. पंचनाम्यात गांजाचं वजन २४ किलो होतं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २० किलोच्या वर गेलं की ते ‘व्यापारी प्रमाण’ होतं आणि शिक्षा किमान १० वर्षं, दंड किमान १ लाख. त्याखाली यायची न्यायाधीशांना मुभाच नाही. त्या गोणीत शेंडे, पानं, काड्या, बिया सगळं एकत्र तोललेलं होतं. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. निवडून तोललं असतं तर आकडा २० च्या खाली आला असता का? आला असता, किंवा नसताही. निवडलंच नाही कुणी.

खालच्या कोर्टात मुद्देमाल उघडला तो दिवस सांगते, कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे.

शिपायाने गोणी टेबलासमोर आणून ठेवली. एवढ्या काळानंतरही तिला उग्र वास होता. लाखेचं सील फुटलेलं होतं. पंचांच्या सह्यांची चिठ्ठी गोणीवर नव्हती. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा तपास अधिकारी म्हणाले, ‘मुद्देमालाची खोली दमट आहे, चिठ्ठी गळून पडली असेल.’ एका पंचाने सही आपली असल्याचं मान्य केलं, पण ‘माझ्यासमोर काही तोललं नाही’ असं सांगितलं. तो फितूर ठरला. दुसरा पंच आलाच नाही. आमच्या तेव्हाच्या वकिलांनी सीलबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ते घड्याळाकडे बघत होते. पिंजऱ्यातून भावाने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याला हाताने ‘थांब’ अशी खूण केली, जणू थोड्या वेळाने कुणीतरी विचारणारच होतं. गोणी पुन्हा बांधली. पुढचा साक्षीदार बोलावला. निकालात त्या चिठ्ठीबद्दल एक ओळ आली: त्याने काही बिघडत नाही.

भावाला शिक्षा झाली. पुढे हायकोर्टात अपील. ‘अपील दाखल झालं ना, मग जामीन होईलच,’ असं म्हणणाऱ्यांसाठी: या कायद्याचं कलम ३७ अपिलातही आडवं येतं. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, अशी कोर्टाची खात्री आधी पटावी लागते. कलम ३२अ ने तर शिक्षा स्थगित करायची वाटच बंद केली होती. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात ती अपील कोर्टासाठी उघडली, पण ३७ ची अट ठेवून. आमचा अर्ज फेटाळला गेला. भाऊ आतच राहिला. मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत यायचं, यादीत खाली राहायचं, पुढची तारीख पडायची.

सुनावणी झाली तेव्हा नव्या वकीलबाईंनी साक्षीचं तेच पान काढलं. तपासणीसाठी गांजाचे नमुने रस्त्यावरच काढले होते, कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर नाही. २०१६ च्या मोहनलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसं बजावलेलं असूनही. पण २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की फक्त ५२अ चुकलं म्हणून आरोपी सुटत नाही. त्यामुळे बाईंचा सगळा भर सीलवर होता. पंचनाम्यात नमुना २५ ग्रॅम, प्रयोगशाळेत पोचला तो १८. सरकारी वकील म्हणाले, वाळला असेल. खरंच वाळला असेल. पण सील जुळवून बघायला त्याच्या छापेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवल्याची नोंद नाही, सील करायची मोहोर कुणाकडे होती याची नोंद नाही. तपासलेली पुडी याच गोणीतली होती हे कशावरून, असं न्यायमूर्तींनी विचारलं. सरकारी वकील पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांचा गठ्ठा, चाळत राहिले.

त्याच मुद्द्यावर भाऊ सुटला. याला तुम्ही फट म्हणता. भाऊ पकडला जायच्या आधी ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटका’ अशी बातमी वाचून मीही चिडायचे. त्या वेळच्या मला आज एवढंच विचारीन: कलम ३५ आणि ५४ खाली माल ताब्यात होता हे ठरलं की आरोपीला त्याची जाणीव होती असं कोर्ट गृहीत धरतं आणि उलट सिद्ध करायचं ओझं आरोपीवर येतं. मग तो माल तोच होता एवढं तरी सरकारने दाखवू नये का? त्या वेळची ती म्हणेल, २४ किलो आभाळातून पडले का? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कारण भावाने कोर्टात जबाब दिला की गाडीत काही सापडलंच नाही. आणि तुरुंगात मुलाखतीला गेले तेव्हा जाळीपलीकडून मला म्हणाला, ‘ताई, गोणी होती, पण पशुखाद्य म्हणून दिली होती.’ दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. पहिलं त्याला तेव्हाच्या वकिलांनी सांगायला लावलं, असं तो म्हणतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवते. रोज ठेवते असं नाही. हायकोर्टाने त्याला माहीत होतं की नव्हतं हे ठरवलेलं नाही आणि मीही ठरवू शकलेले नाही.

गोणी देणाऱ्याचा मोबाइल नंबर आपण पहिल्याच रात्री पोलिसांना दिला, असं तो आजही सांगतो. मी आरोपपत्र पानोपान वाचलं. त्यात तो नंबर नाही, त्या माणसाचा जबाब नाही, त्याला शोधल्याची एक ओळ नाही. तो कोण होता, हे मला अजून कुणीही विचारलेलं नाही.