सेमिनरीच्या ॲडमिशनचा माझा अनुभव, आणि "तुम्ही काय मानता" हा कागद

मी सध्या पुण्यातल्या एका सेमिनरीत, म्हणजे पाळक (पास्टर) व्हायचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात, बीडी करतेय, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घरी कपाशी आणि तूर, वडील वावरात आणि आई अंगणवाडीत. आमच्या भागातून मुली या कोर्सला फार कमी येतात, ज्यांना यायचंय त्या फोन करून विचारतात की ताई काय काय लागतं, इंटरव्ह्यूला काय विचारतात, फी कशी भरली. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी डिग्रीचं सांगते कारण घरी पहिला प्रश्न तोच आला होता. बाबा म्हणाले, "हे सरकारी हाय का प्रायव्हेट हाय, अन् याच्यावर पुढं काही होते का नाही?" तर सेमिनरी शिकवते पण डिग्री देते सेरामपूर. सेरामपूर म्हणजे कलकत्त्याच्या वर हुगळीच्या काठावरचं गाव, तिथं 1818 मध्ये विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघांनी कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, त्यामुळे 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने, सहाव्या फ्रेडरिकने, त्या कॉलेजला डिग्री द्यायची सनद दिली. पुढे गाव इंग्रजांनी विकत घेतलं तरी सनद तशीच राहिली, मग 1918 च्या बंगालच्या कायद्याने सिनेट, म्हणजे डिग्रीचा कारभार बघणारी समिती, झाली, आणि आज देशभरातल्या वेगवेगळ्या चर्चच्या सेमिनऱ्या त्या सिनेटला जोडलेल्या आहेत. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, लुथरन, मार थोमा, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), सगळे. सीएनआयची सुरुवात तर आपल्या नागपुरातच झालेली, 29 नोव्हेंबर 1970 ला. हे सगळं बाबांना सांगितलं तर ते म्हणाले मंग ठीक हाय.

आणि सेमिनरी हा प्रकार आमच्याकडे नवा नाही बरं का. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून यवतमाळलाच होती, 1983 मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीला गेली. आजीच्या वयाची माणसं अजून त्या कॅम्पसबद्दल बोलतात, कुठून कुठून पोरं यायची, मिझोरमची, केरळची, आणि यवतमाळच्या उन्हात कशी हैराण व्हायची. आता उलटं झालं, आम्हाला धामणगावला जाऊन गाडी पकडावी लागते.

कागदपत्रांचं पटकन सांगते. ग्रॅज्युएशनच्या सगळ्या मार्कशीट, टीसी, मायग्रेशन, मेडिकल फिटनेस, फोटो, बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकांचं पत्र, मंडळीचं, म्हणजे आपल्या गावच्या चर्चचं, शिफारसपत्र, तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांची पत्रं. यातला बाप्तिस्म्याचा दाखला आधी काढून घ्या. गावच्या मंडळीच्या जुन्या रजिस्टरमध्ये नावं घरी हाक मारायची तीच लिहिलेली असतात, माझंही तसंच निघालं, आधारवर वेगळं आणि रजिस्टरात वेगळं, मग सेतू केंद्रात जाऊन ॲफिडेव्हिट करावं लागलं. होतं सगळं, फक्त पेरणीच्या दिवसांत तहसीलला गर्दी असते तर उन्हाळ्यातच उरकून घ्या.

खरा वेळ गेला शिफारसपत्राला. पत्र चर्च कमिटी देते आणि कमिटीत सगळे मोठे माणसं, माझ्या आजोबांना ओळखणारे, मला संडे स्कूलपासून पाहिलेले. वाईट कोणीच नाही. पण प्रश्न आला, "पोरगी चार वर्सं शिकून येईन, मंग लग्न होऊन दुसऱ्या गावाले जाईन, आपल्या मंडळीले काय फायदा?" एकजण म्हणाले नर्सिंगला जा ना पोरी, ती पण सेवाच हाय. आमच्या भागात मिशन हॉस्पिटलमुळे कितीतरी घरं उभी राहिली, माझ्या दोन मावश्या नर्स आहेत, तर नर्सिंगबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण माझं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, ते नव्हतं आणि ते मला तिथं उभं राहून सांगायचं होतं.

मी पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं. केडगावला मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत केलं, 1922 मध्ये त्या वारल्या आणि 1924 मध्ये ते छापून बाहेर आलं. म्हटलं, काका, शंभर वर्षांपूर्वी एका बाईने हिब्रू शिकून हे काम केलं, तर आज आपल्या मंडळीतली मुलगी हिब्रू शिकायला जाते म्हटल्यावर एवढा विचार कशाला. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आजी, जी कमिटीत नाही पण दाराजवळ बसली होती, ती बोलली, "पोरगी परत येते का नाही ते देवावर सोडा, तुम्ही सही करा." लगेच नाही झाली सही, पुढच्या मीटिंगला झाली, आणि पत्रात ओळ टाकली की शिक्षण झाल्यावर मंडळीत येऊन सेवा करावी. मी ती आनंदाने मान्य केली.

आता मुख्य गोष्टीवर येते. फॉर्ममध्ये तीन लिखाणं असतात. एक तुमची साक्ष, म्हणजे ख्रिस्ताला तुम्ही कसं ओळखलं. दुसरं, हे शिक्षण कशासाठी हवं आणि मिशन म्हणजे तुम्ही काय समजता. तिसरं म्हणजे सेमिनरीचा विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो याची कलमं, तो वाचून खाली सही करायची, आणि कुठल्या कलमाबद्दल काही म्हणायचं असेल तर ते पण लिहायचं. पुष्कळ जण हे तिन्ही कागद शेवटच्या रात्री भरतात असं मला नंतर कळलं. माझं मात्र सगळ्यात जास्त डोकं त्यातच गेलं आणि त्याचं कारण माझी मैत्रीण.

ती बौद्ध आहे, शाळेपासून आम्ही सोबत, 14 एप्रिलला मी त्यांच्या वस्तीत जेवते आणि नाताळाला ती आमच्याकडे. तिला मी मिशनवरचा निबंध दाखवला, तेव्हा त्यात मी छान छान वाक्यं लिहिली होती, राष्ट्राची सेवा वगैरे. तिने वाचलं आणि सरळ विचारलं, "ह्या तुमच्या मिशनमध्ये मी कुठं बसते ते सांग. मले बदलवाची लिस्ट हाय का?" आणि म्हणाली की आमच्या आजोबांनी 1956 मध्ये दीक्षाभूमीवर जाऊन धम्म घेतला तो स्वतःच्या मनाने घेतला, कोणी घ्यायला लावला नाही, तुमच्याकडे ते कसं आहे?

एवढा सरळ प्रश्न मला कोणत्या पाळकाने कधी विचारला नव्हता. मी पुस्तकं शोधली, आमच्या पाळकांकडचं जुनं चर्चचं इतिहासाचं पुस्तक वाचलं, मोबाईलवर सेरामपूरबद्दल जे मिळेल ते वाचलं. कॅरी हा इंग्लंडात जोडे शिवायचा, त्यावरून त्याला आयुष्यभर टोमणे बसले. हाच माणूस पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत होता, 1805 मध्ये त्याने मराठी व्याकरण छापलं, 1810 मध्ये मराठी शब्दकोश, 1811 मध्ये मराठी नवा करार, आणि त्या सगळ्यात वैजनाथ पंडितांची मदत होती. पण मला ज्या गोष्टीने थांबवलं ती म्हणजे त्यांच्या कॉलेजचे 1833 चे नियम. त्यात एकीकडे अगदी स्पष्ट लिहिलंय की ख्रिस्ताचं देवत्व आणि त्याचं प्रायश्चित्त याला विरोध करणारा माणूस कौन्सिलवर किंवा शिकवायला घ्यायचा नाही. आणि दुसरीकडे तितकंच स्पष्ट लिहिलंय की जात, रंग, देश यावरून कोणालाही प्रवेश नाकारायचा नाही. सुरुवातीच्या 37 विद्यार्थ्यांमध्ये जवळपास निम्मे ख्रिस्ती नव्हते. कॉलेज काढलं तेच ख्रिस्ती आणि इतर अशा दोन्ही पोरांसाठी, इकडचं साहित्य आणि तिकडचं विज्ञान दोन्ही शिकवायला.

म्हणजे संस्था चालवणाऱ्याने आपला विश्वास घट्ट धरायचा, आणि दारात आलेल्याला तू कोण हे विचारायचं नाही. एकोणिसाव्या शतकात, जेव्हा कितीतरी ठिकाणी एका बाकावर बसणंसुद्धा अवघड होतं तेव्हा हे लिहिलं गेलं! मला वाचून खरंच खूप अभिमान वाटला आणि सोबत हे पण वाटलं की आपल्याच काही मंडळ्यांमध्ये अजून लग्न जमवताना आधीची जात विचारतात, तर हा नियम आधी आपल्याला लागू करायला पाहिजे.

मग मी निबंध नव्याने लिहिला. त्यात आमच्या गावचं लिहिलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या पाड्यावर एका शेतकऱ्याने कर्जापायी जीव दिला, घर आमच्या मंडळीचं नव्हतं, तरी युवक संघाची आम्ही पोरं-पोरी रोज संध्याकाळी त्या घरी जात होतो, कोणी पाणी भरलं, कोणी लेकरांचा अभ्यास घेतला, बँकेचे आणि तहसीलचे कागद भरून दिले. प्रार्थना त्या वहिनींनी स्वतः करा म्हटल्यावर केली, त्याच्या आधी नाही. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहून दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका असं जे वाचून दाखवतो, ते मला त्या ओसरीवर समजलं. मी लिहिलं की ख्रिस्ताबद्दल मी बोलणार, लपवणार नाही, कारण माझं सगळं त्याच्यामुळे आहे, पण कोणाच्या दुःखाचा फायदा घेऊन बोलणार नाही. आणि ऐकून पुढचा माणूस नाही म्हणाला तरी माझं त्याच्या घरी जाणं थांबणार नाही. मैत्रिणीला परत दाखवलं. ती म्हणाली, "आता खरं लिवलं. पण मी लक्ष ठेवून राहीन बरं." राहा म्हटलं.

विश्वासांगीकाराचं सांगते. बहुतेक कलमं आपण दर रविवारी प्रेषितांच्या विश्वासांगीकारात म्हणतोच, पिता, पुत्र, पवित्र आत्मा, वधस्तंभावरचं मरण, तिसऱ्या दिवशी उठणं, पुन्हा येणं. तोंडपाठ असलेली गोष्ट सही करायला समोर आली की प्रत्येक ओळीवर थांबावं लागतं, आणि थांबाच, घाई करू नका. शास्त्र देवप्रेरित आहे या कलमावर मी सही केली आणि खाली लिहिलं की हे मी मानते, आणि स्त्रियांनी मंडळीत बोलू नये अशी जी वचनं आहेत ती कशी समजून घ्यायची हे मला शिकायचं आहे. पास्टर साहेब म्हणाले हे नको लिहू, उगाच अडकशील. मी राहू दिलं.

लेखी परीक्षा अवघड नव्हती, बायबलचं ज्ञान आणि इंग्रजी. इंग्रजीची भीती असेल तर इंग्रजी बायबल रोज मोठ्याने वाचा, माझा त्यानेच निभाव लागला. इंटरव्ह्यूला मात्र बरोबर तोच खालचा शेरा निघाला. एका सरांनी विचारलं, तीमथ्याच्या पत्रातलं, स्त्रीने गप्प राहावं हे वचन माहीत आहे ना, मग तुम्ही इथे कशाला? मी म्हटलं सर, तोच पौल रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फीबीची शिफारस करतो, ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका होती, तिला हवी ती मदत करा असं लिहितो, आणि रिकामी कबर पाहून पहिली बातमी आणणारी मग्दालीया मरीया होती. दोन्हीकडचं शास्त्रच आहे, म्हणून दोन्ही एकत्र कसं वाचायचं ते शिकायला आले. सरांनी वाद घातला, चांगला वीस-पंचवीस मिनिटं घातला, पण आवाज कुठेच चढला नाही, आणि शेवटी दुसऱ्या मॅडम म्हणाल्या की हा प्रश्न पहिल्या वर्षी वर्गात पण विचार. मला तेव्हाच कळलं की इथं राहायचं.

पैशाचं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांना अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, त्यामुळे ती स्कॉलरशिप आपल्या पोरांना नाही, हे मनात धरूनच हिशोब करा. माझी फी अर्धी बाबांनी भरली, बाकीचं मंडळीने कापणीच्या सणाच्या लिलावातून दिलं. लोकांनी आणलेले भोपळे, तुरीची पोती, कोंबड्या, त्याची बोली लावून जमलेला पैसा तो. ज्या काकांनी फायदा काय विचारलं होतं त्यांनी एक भोपळा एवढ्या किमतीला घेतला की काकू घरी जाईपर्यंत बोलत होत्या.

आता हिब्रू सुरू आहे, ग्रीक पण. अवघड आहे पण जमतंय. पत्रातल्या ओळीप्रमाणे मी शिकून गावी परत येणार, फक्त आल्यावर मला कोणतं काम द्यायचं, उपदेशाला उभं राहू द्यायचं का फक्त संडे स्कूल, हे कमिटीने अजून ठरवलेलं नाही. यंदा नाताळाच्या सुट्टीत तोच विषय मीटिंगला ठेवा असा अर्ज मी पोस्टाने पाठवलाय. तुम्ही ॲडमिशनला निघत असाल तर हे पत्र देतानाच विचारून घ्या.